बखरी, अस्सल कागद आणि १९६२चा अहवाल : युद्धविषयक गोपनीयतेची एक चिकित्सा

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाविषयी मराठी वाचकाला दीर्घकाळ जे ठाऊक होते, ते मुख्यतः बखरींच्या आधारे. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाङ्मय म्हणून सरस आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ती घटना घडून गेल्यानंतर लिहिली गेली आणि तिच्यात कोणाची ना कोणाची बाजू सावरलेली आहे, हे नेमके दाखवून देण्यासाठी अस्सल पत्रे हाती यावी लागली. नजीबखान नाहीसा झाला तर पेशवे आपणांस धोतरे बडवावयास लावतील, हा मल्हारराव होळकरांच्या तोंडी घातलेला उद्गार याच बखरीतून लोकांत पसरला आणि एका मोठ्या पराभवाचे सोपे स्पष्टीकरण होऊन बसला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतापूर्वीच्या दशकातील पत्रव्यवहार प्रथमच मोठ्या प्रमाणावर वाचकांपुढे आला. राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनेत होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर ठेवलेला ठपका सर्वांनी मान्य केला, असे नाही. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ च्या इंग्रजी आणि १९६१ च्या मराठी ग्रंथात या युद्धाची पुन्हा मुळापासून तपासणी केली. मतभेद संपले नाहीत. मात्र ते आता पत्राच्या तारखेवर, मजकुरावर आणि विश्वसनीयतेवर होऊ लागले.

राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली ही पत्रे खाजगी घरांतून मिळालेली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. पत्रांचा सर्वांत मोठा साठा पुण्यातच, पण सरकारच्या कुलुपात होता. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीसाठी सरकारने त्याचा भरपूर उपयोग करून घेतला. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेथे मोकळा प्रवेश नव्हता. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ याच शहरात स्थापन झाले, तरी मंडळाच्या संशोधकांना गावोगावच्या माळ्यांवरचे रुमाल धुंडाळणे सोपे आणि शहरातले दफ्तर पाहणे अवघड, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. अखेर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्या कागदांत पानिपतचा पत्रव्यवहारही होता. युद्ध होऊन तोवर सुमारे १७० वर्षे लोटली होती आणि ज्या राज्याचे ते गुपित होते ते राज्यही उरले नव्हते.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाविषयी आजचा वाचक बराचसा या राजवाडेपूर्व अवस्थेत आहे. त्याच्यापाशी बखरी पुष्कळ आहेत. अस्सल कागद त्याला सरकारने दिलेले नाहीत, आणि जे थोडे मिळाले ते सरकारच्या हातून मिळालेले नाहीत. या गोपनीयतेचा पाया ज्या निवेदनाने घातला गेला ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि नंतरचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे आहे. त्यामुळे ते निवेदन, त्यानंतरचे स्मरणग्रंथ आणि फुटून बाहेर आलेला अहवाल हे तिन्ही एकत्र ठेवून वाचणे मराठी अभ्यासकाला विशेष अगत्याचे ठरते.

२ सप्टेंबर १९६३ चे निवेदन

२० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झालेले युद्ध चीनच्या एकतर्फी युद्धबंदीने महिनाभरात थांबले. कृष्ण मेनन यांना संरक्षणखाते सोडावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे जे वाक्य महाराष्ट्रात आजही ऐकू येते, ते याच प्रसंगाचे. (या वाक्याने मराठी मनाला जो अभिमान दिला त्याचा एक दुष्परिणाम असा की, यशवंतरावांच्या दिल्लीतील कामाची चिकित्सा करण्याऐवजी त्याचा गौरव करण्याकडेच आपल्या लेखनाचा ओढा राहिला.) नवे सेनाप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी पराभवाच्या चौकशीसाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांची नेमणूक केली. भगत हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते. त्यांचा अहवाल १९६३ च्या मध्यास तयार झाला, सेनाप्रमुखांकडून तो संरक्षणमंत्र्यांकडे गेला आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी संसदेत त्यासंबंधी निवेदन केले.

हे निवेदन आजच्या दृष्टीने वाचले असता प्रथम जाणवतो तो त्यातील मोकळेपणा. चौकशी पाच मुद्द्यांपुरती होती, असे ते सांगते : सैन्याचे प्रशिक्षण, साहित्यसामग्री, सेनासंचालनाची व्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सर्व स्तरांवरील सेनाधिकाऱ्यांची आपल्या माणसांवर प्रभाव पाडण्याची ताकद. पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण अपुरे होते, उंचीवरच्या हवामानाची सवय नसलेले सैनिक घाईने पुढे नेले गेले, सामग्रीची उणीव होती, हे मंत्र्याने उघडपणे मान्य केले. त्याहून धाडसाचा भाग नेतृत्वाविषयीचा आहे. कनिष्ठ अधिकाऱ्यांचा दर्जा सर्वसाधारणपणे समाधानकारक होता, ब्रिगेडच्या पातळीपर्यंत काही अपवाद वगळता कामगिरी ठीक होती आणि उणिवा प्रकर्षाने दिसल्या त्या त्याहून वरच्या पातळीवर, असा त्याचा आशय आहे. पराभवानंतर वर्ष उलटण्याच्या आत एखाद्या संरक्षणमंत्र्याने आपल्या सेनेच्या वरिष्ठ नेतृत्वाविषयी संसदेत असे बोलणे सामान्य नव्हते.

याच निवेदनात अहवाल न देण्याची कारणेही आहेत. ती दोन आहेत आणि त्यांचे स्वरूप भिन्न आहे. पहिले, अहवाल उघड केल्यास देशाच्या सुरक्षिततेस आणि सीमेवर उभ्या असलेल्या सैन्याच्या मनोधैर्यास बाधा येईल. दुसरे, अहवालाची संक्षिप्त किंवा संपादित आवृत्ती दिल्यास चित्र अपुरे आणि असमतोल होईल. म्हणून तीही देता येणार नाही.

पहिले कारण त्या क्षणी सबळ होते, हे मान्य करावयास हवे. युद्धकैदी नुकतेच परतले होते. सीमेवर शांतता होती, पण करार नव्हता. सेना नव्याने उभारली जात होती. तिचे संख्याबळ सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचे आणि डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारण्याचे काम हाती घेतले गेले होते. अशा वेळी कोणत्या तुकडीने कोठून माघार घेतली आणि कोणत्या अधिकाऱ्याने कोणता हुकूम उशिरा दिला, याची चर्चा वर्तमानपत्रांत चालू देणे कोणत्याही जबाबदार मंत्र्यास मानवले नसते. यशवंतरावांचे त्या वेळचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी ‘डिबॅकल टू रिव्हायव्हल’ या १९९८ च्या इंग्रजी ग्रंथात या काळाचे जे वर्णन केले आहे, त्यातून मंत्र्यापुढील दुहेरी चिंता दिसते : सेनेचे धैर्य खचू नये आणि सरकारची, विशेषतः पंडित नेहरूंची, प्रतिष्ठाही सावरली जावी. या दोन चिंतांपैकी पहिली राष्ट्राची आहे आणि दुसरी सरकारची. गोपनीयतेच्या प्रत्येक निर्णयात या दोन गोष्टी एकाच कागदात गुंडाळल्या जातात आणि त्या सोडवून पाहणे हे टीकाकाराचे काम असते.

दुसरे कारण मात्र त्या वेळीही लंगडे होते. संक्षेपाने चित्र असमतोल होते असे म्हणणारे निवेदन स्वतःच अहवालाचा संक्षेप आहे. तोही संरक्षणमंत्र्याने केलेला. आणि ज्याची भीती व्यक्त झाली ते असमतोलही त्यात उतरले. सैनिकी उणिवा तपशिलाने आल्या. ज्या राजकीय आदेशांखाली सेना पुढे ढकलली गेली, त्यांचा विचार चौकशीच्या कक्षेबाहेर म्हणून राहून गेला. म्हणजे सेनेला आपल्या चुका भर संसदेत ऐकून घ्याव्या लागल्या आणि मंत्रालयाला तसे काही ऐकावे लागले नाही. सेनेच्या मनोधैर्यासाठी अहवाल झाकला, असे म्हणताना हे विसरले जाते.

तरीही या निवेदनाचा मुख्य दोष त्यात जे आहे ते नव्हे. त्यात मुदत नाही. आज देता येत नाही, असे यशवंतराव म्हणाले. केव्हा देता येईल, हे त्यांनी सांगितले नाही आणि त्यांना कोणी विचारल्याचेही दिसत नाही. नंतरच्या सर्व सरकारांनी १९६३ चा तात्कालिक निर्णय कायमचा म्हणून वापरला.

स्मरणग्रंथांचे पीक

कागद बंद झाले म्हणून बोलणे बंद झाले नाही. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ १९६७ मध्ये आले. सातव्या ब्रिगेडचे प्रमुख आणि चीनच्या कैदेत राहून आलेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये आले. नेव्हिल मॅक्सवेल या ब्रिटिश पत्रकाराचे ‘इंडियाज चायना वॉर’ १९७० चे. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख राहिलेले बी. एन. मलिक यांनी १९७१ मध्ये, चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख निरंजन प्रसाद यांनी १९८१ मध्ये आणि सेनामुख्यालयात सैनिकी कारवायांचे संचालक असलेले डी. के. पलित यांनी १९९१ मध्ये आपापली बाजू मांडली.

या ग्रंथांची गुणवत्ता सारखी नाही. दळवींच्या पुस्तकात नामका चू नदीकाठच्या सैनिकांची थंडी, भूक आणि दारूगोळ्याची टंचाई ज्या प्रत्ययकारी रीतीने येते, तिला तोड नाही. कौलांचे पुस्तक बचावाचे आहे आणि तो बचाव अनेक ठिकाणी स्वतःलाच गोत्यात आणतो. मलिकांच्या लेखनात गुप्तवार्ता विभागाने सर्व काही वेळेवर कळविले होते, असा सूर आहे. पलितांच्या लेखनात अनेक ठिकाणी याच्या विरुद्ध जाणारा मजकूर सापडतो. वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा? ज्याचे गद्य चांगले त्याच्यावर, की ज्याने भोगले त्याच्यावर? बखरीच्या वाचकापुढे हाच प्रश्न असे.

येथे एक विषमताही ध्यानात घेतली पाहिजे. हे लेखक एके काळी अधिकारपदांवर होते. बंद कागद त्यांनी पाहिलेले होते आणि त्यांतील मजकूर आठवणींच्या रूपाने त्यांच्या पुस्तकांत आला. ज्याच्यापाशी पद नव्हते, पण इतिहासाची शिस्त होती, त्या अभ्यासकाला तोच कागद १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या भीतीमुळे दुरून पाहणेही शक्य नव्हते. गुपित सर्वांसाठी सारखे गुपित नव्हते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे उदाहरण बोलके आहे. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक योजना वरिष्ठांकडे पाठविली आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ नावाच्या सराव-चर्चेत ती पुन्हा मांडली. प्रत्यक्ष सीमेवरच्या चौक्या केवळ इशारा देण्यापुरत्या ठेवाव्यात आणि मुख्य लढाई रसद पोचू शकेल अशा आतल्या रेषेवर द्यावी, असे तिचे सूत्र होते. १९६२ मध्ये झाले ते याच्या उलट. युद्धानंतर नेहरूंनी आपणास बोलावून घेतले आणि हा कागद आपल्यापुढे आलाच नव्हता असे सांगितले, असे थोरातांनी १९८६ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. थोरातांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एका देशाच्या संरक्षणाच्या इतिहासातील एवढा मोठा मुद्दा, म्हणजे धोक्याचा लेखी इशारा पंतप्रधानांपर्यंत पोचला की नाही, हा मुद्दा इशारा देणाऱ्याच्याच स्मरणावर अवलंबून राहावा, हे समाधानकारक नाही. फाईलवरील शेरे एका दुपारी त्याचा निकाल लावू शकतील.

आणि यशवंतराव स्वतः? ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. दिल्लीतील दिवसांवर स्वतंत्र खंड लिहिण्याचा त्यांचा मानस होता. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो खंड राहून गेला. अहवाल वाचून त्यातले काय सांगावे आणि काय राखावे हे ज्याने ठरविले, त्याचेच कथन आपल्यापाशी नाही. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदी मात्र राम प्रधान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत ऐन लढाईत सेनाप्रमुख काहीसे डळमळल्याची नोंद आहे आणि त्यांनी आघाडीवर जाऊन यावे, असे मंत्र्याने सुचविल्याचीही आहे. बेचाळीस वर्षांनी ही नोंद छापली गेल्याने सेनेचे मनोधैर्य खचल्याचे कोणी म्हटले नाही. उलट दोन थकलेल्या, जबाबदारीने वाकलेल्या माणसांचे चित्र त्यातून उभे राहिले आणि दोघांविषयीचा आदर वाढला.

न लिहिलेली टिपणे

१७ मार्च २०१४ रोजी नेव्हिल मॅक्सवेल यांनी आपल्यापाशी असलेला हेंडरसन ब्रुक्स अहवालाच्या पहिल्या खंडाचा मोठा भाग महाजालावर ठेवला. त्यातील काही पाने गाळलेली होती. मॅक्सवेल हे निःपक्षपाती लेखक नव्हेत. युद्धाचा सारा दोष भारताच्या ‘फॉरवर्ड पॉलिसी’कडे देणारी त्यांची भूमिका १९७० पासूनच प्रसिद्ध आहे आणि चीनच्या बाजूची चिकित्सा ते त्याच कठोरपणे करीत नाहीत. असे असूनही जे समोर आले ते त्यांचे भाष्य नव्हते, भारतीय सेनेच्याच दोन अधिकाऱ्यांनी लिहिलेला मजकूर होता.

या मजकुरात लष्करी गुपिते शोधू पाहणाऱ्या वाचकाची निराशा होते. त्यात आढळते ते निराळेच. पश्चिम विभागाच्या सेनापतींनी ऑगस्ट १९६२ मध्ये मुख्यालयास कळविले होते की, राजकीय धोरण सैनिकी साधनांच्या मापाने आखले गेले पाहिजे. ते पत्र अहवालात येते. सेनामुख्यालयाच्या कारभारात शिरू नये, अशी मर्यादा चौकशीवर होती, हेही त्यात येते. म्हणजे जो अहवाल नंतर सहा दशके जनतेपासून राखला गेला, त्याच्या लेखकांनाही पुरते कागद पाहावयास मिळाले नव्हते. भारतीय गोपनीयतेचे हे एक अपूर्व चित्र आहे : कुलुपाच्या आत आणखी एक कुलूप.

सर्वांत गंभीर नोंद मात्र निराळी आहे. सप्टेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या दालनात ज्या बैठकींत ईशान्य सीमेवरील कारवाईचे निर्णय झाले, त्या बैठकींची टिपणे, विषय अतिगोपनीय असल्याच्या कारणाने, ठेवू नयेत अशी सूचना होती. ही प्रथा अशा सर्वच बैठकींत पाळली गेल्याचे दिसते, असे अहवालकर्ते म्हणतात. आणि त्यामुळे अखेरीस कोणत्याही मोठ्या निर्णयाची जबाबदारी कोणावरच राहिली नाही, या आशयाचा शेरा ते मारतात. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या हातून उतरलेला हा शेरा जपून मोजलेल्या शब्दांचा आहे आणि म्हणूनच तो बोचतो.

गोपनीयतेच्या चर्चेत सामान्यतः कागद केव्हा उघडावा, हा प्रश्न विचारला जातो. येथे कागदच जन्मला नाही. कुलपातला कागद आज ना उद्या बाहेर येऊ शकतो. पेशवे दफ्तर १७० वर्षांनी का होईना उघडले, कारण सदाशिवरावभाऊंच्या छावणीतून पुण्याकडे येणारी पत्रे, रसद न मिळाल्याच्या तक्रारी, मुत्सद्द्यांच्या चुका, हे सर्व कोणीतरी लिहिले होते आणि कोणीतरी रुमालात बांधून ठेवले होते. पराभूत पेशवाईने आपल्या पराभवाचे कागद जपले. १९६२ च्या त्या दालनातील संभाषणाचे काय झाले, हे आता फक्त बखरकार सांगतील आणि त्या दालनात असलेल्यांपैकी ज्यांनी लिहिले त्यांची कथने एकमेकांशी जुळत नाहीत.

गोपनीयतेची बाजू

एवढ्यावरून सर्व युद्धकागद तत्काळ खुले करावेत, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. २०१० मध्ये विकिलीक्सने अफगाणिस्तानातील युद्धाचे सुमारे ७७ हजार कागद प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत परकीय सैन्याला माहिती पुरविणाऱ्या स्थानिक अफगाण लोकांची नावे होती. निवृत्त सेनापतीची अब्रू आणि खेड्यातल्या खबऱ्याचा जीव या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. याउलट १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ छापण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई नाकारली, तेव्हा समोर आलेला ऐवज मुख्यतः निर्णयांचा इतिहास होता. त्याने कोणाचे ठाणे शत्रूला कळले नाही, कोणत्या अध्यक्षाने जनतेला काय सांगितले नाही ते कळले. गोपनीय कागदांत हा भेद करता येतो, आणि करावा लागतो.

१९६२ च्या अहवालाबाबत सरकारची बाजू या दृष्टीने तपासावयास हवी. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकाराखाली हा अहवाल मागितला असता केंद्रीय माहिती आयोगाने मार्च २०१० मध्ये, स्वतः अहवाल पाहून, तो न देण्याचा निर्णय योग्य ठरविला. सीमाप्रश्न अद्याप जिवंत आहे, हे त्यामागचे मुख्य कारण होते. पुढच्याच महिन्यात तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी अहवालास आजही सैनिकी कारवायांच्या दृष्टीने मूल्य आहे, असे संसदेत सांगितले. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोंगर, खिंडी आणि नद्यांच्या वाटा साठ वर्षांत बदलत नाहीत. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ पुन्हा झटापट झाली. ही दोन्ही नावे १९६२ च्या नकाशावरही आहेत.

परंतु युक्तिवाद खरा असला तरी त्याची व्याप्ती किती? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम १० सांगते की, देता येणारा भाग न देता येणाऱ्या भागापासून वेगळा करून द्यावा. कलम ८(२) सांगते की, लोकहित अधिक असेल तर १९२३ च्या अधिनियमाचा अडसर न मानता माहिती देता येते. त्याच कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली करणारी तरतूदही आहे. तिला देशाच्या सुरक्षिततेशी संबंधित माहितीचा अपवाद केलेला आहे. नेमक्या याच अपवादाला काळाची मर्यादा नाही, आणि १९६३ च्या निवेदनातली उणीव अशा रीतीने २००५ च्या कायद्यातही शिल्लक राहिली. खिंडीचा नकाशा झाकावा, तोफांची मोजदाद झाकावी. बैठकीचे टिपण ठेवू नका, ही सूचना झाकल्याने कोणती खिंड सुरक्षित होते?

असे वेगळे करता येत नाही, हे म्हणणे १९९९ नंतर टिकणारे नाही. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल, सुरक्षिततेच्या कारणास्तव काही भाग वगळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. युद्ध संपून तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. गुप्तवार्ता यंत्रणांच्या त्रुटी त्यात होत्या आणि वगळलेल्या जागा उघड दिसत होत्या. यशवंतरावांना जे अशक्य वाटले ते तीन तपांनंतर झाले आणि सेनेचे मनोधैर्य शाबूत राहिले. कारगिलच्या अहवालावर टीका झाली, ती छापील पानाचा आधार घेऊन झाली.

या प्रश्नात पक्षभेद शोधण्याचे कारण नाही. मार्च २०१४ मध्ये अहवाल फुटला तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटली यांनी जुने कागद अनिश्चित काळ गुप्त ठेवण्यावर लेखी आक्षेप घेतला. जुलैमध्ये संरक्षणमंत्री या नात्याने त्यांनीच राज्यसभेत सांगितले की, अहवाल अंशतः किंवा पूर्णतः उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. खुर्ची बदलली की कागदाचे वजन बदलते.

पंचवीस वर्षांचे धोरण

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध आणि कारवायांचे इतिहास लिहविणे व कागदपत्रे खुली करणे यांविषयी नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हावेत, इतिहासलेखनासाठी संयुक्त सचिवाच्या अध्यक्षतेखाली समिती असावी आणि कारवाई संपल्यानंतर पाच वर्षांच्या आत इतिहास तयार व्हावा, अशी अपेक्षा आहे. सुब्रह्मण्यम समितीने आणि नंतर एन. एन. व्होरा समितीने अशी शिफारस केलेली होती. मुदत हा शब्द अखेर सरकारी भाषेत आला, हे स्वागतार्हच आहे. मात्र याच सुमारास, मे २०२१ च्या अखेरीस, गुप्तवार्ता व सुरक्षाविषयक संस्थांतील निवृत्त अधिकाऱ्यांनी पूर्वपरवानगीविना आपल्या कामाच्या विषयावर काही प्रसिद्ध करू नये, असा निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल झाला. कागद खरोखरच खुले होणार असतील तर बखरींवरचे हे नियंत्रण समजण्यासारखे आहे. कागद खुले झाले नाहीत तर मलिकांसारख्यांच्या पक्षपाती, पण मोलाच्या आठवणींनाही अभ्यासक मुकेल.

धोरणातील एक क्रम विशेष पाहण्यासारखा आहे. २५ वर्षांहून जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावयाचे आहेत. पण युद्धाचा इतिहास लिहून झाल्यावर. म्हणजे आधी सरकारचा इतिहास, मग इतरांसाठी कागद. १९६२ च्या बाबतीत हा अर्धा क्रम पूर्वीच पार पडला आहे. मंत्रालयाच्या इतिहास विभागात पी. बी. सिन्हा आणि पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये यांनी, एस. एन. प्रसाद यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली, या युद्धाचा सविस्तर इतिहास लिहिला. तो १९९२ मध्ये मर्यादित वापरासाठी तयार झाला आणि या शतकाच्या आरंभी महाजालावर फुटला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे असेच खंड पुढे पुस्तकरूपाने बाजारात आले. १९६२ चा खंड अभ्यासक आजवर वाचतात ते त्या फुटलेल्या प्रतीवरून. तो वाचला असता त्यात दडविण्यासारखे फारसे आढळत नाही. संयत, कष्टाने लिहिलेला, सैनिकांविषयी आस्था असलेला ग्रंथ आहे. वरिष्ठांच्या निर्णयांवर तो स्मरणग्रंथांपेक्षा अधिक न्यायबुद्धीने बोलतो.

सरदेसायांच्या ४५ खंडांविषयी पुण्यातील अभ्यासकांच्या तक्रारी कमी नव्हत्या. निवड कोणी करावी, कोणती पत्रे गाळली, मोडी वाचनात कोठे चूक झाली, यावर बरेच वाद झाले. पुढे दफ्तर खुले झाल्यावर त्या तक्रारी करणाऱ्यांना मूळ रुमाल सोडून पाहता आले आणि त्यांतून कित्येक दुरुस्त्याही झाल्या. सिन्हा-आठल्ये यांच्या ग्रंथातील एखादे विधान तपासू इच्छिणाऱ्या पुण्यातल्या संशोधकाला तो ग्रंथ ज्या कागदांवर उभा आहे त्यांच्यासाठी अजून अर्जच करावा लागतो.